परमवीर रामा राघोबा राणे : रिक्रूट ते मेजर, २८ वर्षांची नोकरी

घाटपायथा

राणेंबद्दल कुठेही वाचायला घ्या, तेच चार दिवस. एप्रिल १९४८, पाकिस्तानबरोबरची पहिली लढाई, जम्मू भागातला नौशेरा-राजौरी रस्ता, सुरुंग, टँकखाली सरपटत गेले, परमवीरचक्र. संपलं. ते चार दिवस मोठेच आहेत, पण माणसाने २८ वर्षं फौजेत काढली त्याबद्दल एक ओळ नसते. मला त्या अख्ख्या नोकरीबद्दल लिहायचंय, कारण माझं ठाम मत आहे की आधीची पावणेआठ वर्षं बघितल्याशिवाय ते चार दिवस नीट कळतच नाहीत.

जन्म २६ जून १९१८. मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया. वडील पोलिसात शिपाई, त्यामुळे बदल्या आणि शाळाही दर बदलीला नवी. १९३० साली चळवळीचं वारं होतं तेव्हा बारा वर्षांचा हा पोरगाही त्यात ओढला गेला, आणि वडील सरकारी पोलीस खात्यात, म्हणजे घरात काय वातावरण असेल विचार करा. शेवटी वडिलांनी बिऱ्हाड गावी चेंडियाला हलवलं.

१० जुलै १९४० ला बॉम्बे इंजिनियर्समधे भरती. यांनाच बॉम्बे सॅपर्स म्हणतात, सॅपर म्हणजे फौजेतला इंजिनियर जवान, सुरुंग-रस्ते-पूल बघणारा. लक्षात घ्या, ऑफिसर म्हणून नाही, साधा रिक्रूट म्हणून. ट्रेनिंगमधे बेस्ट रिक्रूट ठरले आणि कमांडंटची केन, म्हणजे मानाची छडी, मिळाली. मग २८ फील्ड कंपनी, २६ वी इन्फंट्री डिव्हिजन, ब्रह्मदेशातलं आराकान. समोर जपानी.

आराकानातली एक गोष्ट मला त्या चार दिवसांइतकीच महत्त्वाची वाटते. डिव्हिजन मागे येत होती आणि राणेंना दोन सेक्शन (छोट्या तुकड्या) देऊन बुथिडाँगला मागे ठेवलं. कशासाठी, तर जपान्यांच्या हाती पडू नये असं जे काही होतं ते उडवून द्यायचं आणि मग नौदलाचं जहाज येऊन या लोकांना घेऊन जाणार असं ठरलेलं. काम झालं, पण जहाजाचा बेत फसला. आता मागे जपानी, पुढे नदी आणि नदीवर जपान्यांची गस्त. राणेंनी माणसं घेऊन गस्त चुकवत ती नदी पार केली आणि डिव्हिजन गाठली. या कामगिरीनंतर हवालदार झाले. म्हणजे कुणीतरी येऊन सोडवेल ही आशा संपल्यावर हाताखालच्या माणसांना घेऊन काय करायचं हे या माणसाने तेव्हाच शिकून घेतलं होतं, खांद्यावर एकही स्टार नसताना.

सेकंड लेफ्टनंटचं कमिशन मिळालं १५ डिसेंबर १९४७ ला. राजौरीच्या रस्त्यावर ते उतरले ८ एप्रिल १९४८ ला. चार महिनेसुद्धा झाले नव्हते! सेकंड लेफ्टनंट म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे अकॅडमीतून नुकताच बाहेर पडलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा येतो. इथे होता तिशीला टेकलेला, महायुद्ध बघून आलेला हवालदार. सगळा फरक तिथे आहे असं मला वाटतं.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः सॅपर्समधले कुणी इथे असतील तर प्लीज लिहा.

---

काळीकाठची

खूप धन्यवाद हा धागा काढल्याबद्दल. मी कारवारची. आमच्याकडे रवींद्रनाथ टागोर बीचवर राणेंचा पुतळा आहे, २००६ साली उभारलेला, तिथेच बाजूला आयएनएस चपळ ही युद्धनौका म्युझियम म्हणून ठेवलीय. लोक बोटीत चढून फोटो काढतात, मुलं तोफेवर बसायला बघतात आणि पुतळ्यापुढून तशीच निघून जातात. मी प्रत्येक पाहुण्याला हात धरून आधी पुतळ्याकडे नेते. आमच्या गावाजवळचा पोलीस शिपायाचा मुलगा, परमवीरचक्र मिळालं आणि तेही जिवंतपणी मिळालं, हे सांगितलं की माणसं थांबतात. १९४७-४८ च्या लढाईत पाच जणांना परमवीर मिळालं, त्यातले तिघं रणातच गेले. उरले दोघं, लान्स नायक करम सिंग आणि आमचे राणे.

घाटपायथा, चार दिवसांचं पण सविस्तर लिहा ना. तुम्ही म्हणता सगळ्यांना माहितीय, पण खरं सांगू का, टँकखाली सरपटले यापलीकडे मलाही नेमकं माहीत नाही.

---

एनडीएचं_स्वप्न

+१, सविस्तर लिहा दादा. आणि एक बेसिक प्रश्न, रस्ता साफ करायला एवढं परमवीरचक्र का? म्हणजे मला कमी लेखायचं नाहीये, समजून घ्यायचंय. लढाई तर इन्फंट्रीने केली ना?

---

घाटपायथा

चांगला प्रश्न आहे, तिथूनच सुरुवात करतो.

राजौरी नोव्हेंबर १९४७ पासून हल्लेखोरांच्या ताब्यात होती. तिथल्या लोकांवर जे अत्याचार झाले ते इथे लिहवत नाही. डिसेंबरमधे झांगडही गेलं. फेब्रुवारीत नौशेऱ्यावर मोठा हल्ला झाला तो ब्रिगेडियर उस्मान यांच्या ब्रिगेडने मोडून काढला, मार्चमधे झांगड परत घेतलं आणि मग राजौरी. आता नौशेऱ्याहून राजौरीला जायचं तर रस्ता डोंगरातला, वळणावळणाचा, आणि शत्रूला पक्कं माहीत की टँक याच रस्त्याने येणार. म्हणून त्यांनी पूर्ण रस्ताच अडवून ठेवला. सुरुंग पेरले, मोऱ्या उडवल्या, पाइनची झाडं आडवी पाडली, बांध फोडले, आणि या प्रत्येक अडथळ्यावर वरून मशीनगन रोखलेल्या. जितका उशीर होईल तितका राजौरीतल्या लोकांचा जीव धोक्यात.

८ एप्रिल. ४ डोग्रा या इन्फंट्री पलटणीने बरवाली रिजवर (डोंगराच्या धारेवर) हल्ला चढवला. राणे ३७ असॉल्ट फील्ड कंपनीचे, त्यांच्याकडे सुरुंग आणि रोडब्लॉक काढणाऱ्या तुकडीची जबाबदारी. सकाळी ११ वाजता नदपूरजवळ ही तुकडी टँकपाशी उभी आहे, काम अजून सुरूसुद्धा झालेलं नाही, आणि मॉर्टरचा मारा आला. दोघं जागीच गेले, पाच जखमी, त्या पाचात राणे स्वतः. तिथून मागे गेले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. त्यांनी उरलेली माणसं परत लावली आणि काम सुरू केलं. दिवसभर टँकच्या आसपास, मारा चालूच. साडेचारला रिज हातात आली पण परिसर पुरता साफ नव्हता, तरी हे माणसं घेऊन पुढे आणि टँकसाठी डायव्हर्जन, म्हणजे बाजूने वळणवाट, करायला घेतलं. रात्री १० पर्यंत, शत्रूला दिसेल अशा जागी.

९ तारखेला सकाळी ६ ला परत सुरू, दुपारी ३ ला डायव्हर्जन तयार. मग राणे सगळ्यात पुढच्या कॅरियरमधे (पट्ट्यांवर चालणाऱ्या छोट्या चिलखती गाडीत) बसले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडं आडवी, उतरले, उडवली. आणखी तीनशे यार्डांवर तेच. पुढे मोरी उडवलेली, काम सुरू करणार तेवढ्यात मशीनगन सुरू, तरी बाजूने वाट काढली. सव्वासहाला अंधारून आलं तेव्हा समोर पाच मोठी पाइनची झाडं, भोवती सुरुंग, वर मशीनगन. राणे सुरुंग काढायलाही लागले होते, पण कॉलमच्या कमांडरने परिस्थिती बघून त्या रात्रीपुरतं सगळ्यांना थांबवलं.

१० तारीख, पहाटे पावणेपाच, पुन्हा त्याच पाच झाडांपाशी. साडेसहाला तो अडथळा गेला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांमागून अडथळे, ते साडेदहापर्यंत. आणि आता मला सगळ्यात भिडलेली गोष्ट. तिथून टँक रस्ता सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि पात्रातून पुढे निघाले. म्हणजे टँकपुरतं काम झालं होतं. पण टँक नदीच्या पात्रातून जाईल, मागचे ट्रक कसे जाणार? दारूगोळा, पेट्रोल, रेशन, सगळं ट्रकमधे. राणे टँकबरोबर पुढे गेले नाहीत, रस्त्यावरच थांबून मागच्या गाड्यांसाठी वाट साफ करत राहिले. दुपारी २ ला टँक चिंगसला पोचले, आणि इकडे हा जखमी माणूस अन्नाचा कण पोटात नसताना रात्री ९ पर्यंत कामावर. ११ तारखेला सकाळी ६ ला पुन्हा हजर, ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि त्यानंतरही पुढच्या टप्प्याचं काम रात्री १० पर्यंत.

१२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत पोचलं.

टँकखाली सरपटण्याचा जो किस्सा आहे तो याच कामातला. सेंट्रल इंडिया हॉर्सचे स्टुअर्ट टँक होते. उघड्यावर सुरुंग काढायला गेलं की वरून गोळी येते, म्हणून राणे टँकच्या पोटाखाली शिरले, दोन पट्ट्यांच्या मधे, आणि दोरीने आतल्या ड्रायव्हरला इशारे देत टँक हळूहळू पुढे घेत, स्वतः त्याच्याबरोबर रांगत सुरुंग काढत गेले. ड्रायव्हरला खालचं काही दिसत नाही, इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. इशारा समजण्यात जराशी गफलत झाली तर काय होईल ते सांगायला नको.

---

खडकीकर_सॅपर

जय हिंद. मी बॉम्बे सॅपर्समधून हवालदार म्हणून रिटायर झालो. घाटपायथा साहेब, मनापासून आभार. आमच्याकडे खडकीच्या सेंटरला रिक्रूट आला की राणे साहेबांचं नाव पहिल्यांदा कानावर पडतं आणि नंतर कधी विसरत नाही.

वर त्या मुलाने विचारलंय रस्ता साफ करण्यात काय एवढं, त्याला थोडं समजावून सांगतो. बाळा, इन्फंट्रीचा जवान गोळी आली की आडोसा घेतो, उलट गोळी मारतो. सॅपरचे दोन्ही हात जमिनीत असतात. रायफल पाठीला. सुरुंग हुडकायचा म्हणजे प्रॉडर (टोकदार सळई) किंवा संगीन तिरपी धरून, तीसेक अंशात, हळूच जमिनीत सरकवायची, कडक काही लागलं की थांबायचं. सरळ उभी खुपसली तर थेट सुरुंगाच्या डोक्यावर दाब पडतो. मग बोटांनी माती काढायची, खाली-बाजूला वायर लावून दुसरा सापळा ठेवलाय का बघायचं, मगच हात घालायचा. जेवढं साफ झालं तेवढ्याला पांढरी टेप. एक माणूस शांतपणे ट्रेनिंग ग्राउंडवर हे करतो तेव्हासुद्धा दिवसाअखेर मान आणि बोटं आखडतात, घामाने डोळे चुरचुरतात. आणि डिटेक्टर असला तरी तो धातूवर वाजतो. लाकडी पेटीतला सुरुंग असला की हातच लावावा लागतो.

दुसरं, आमचे उस्ताद सांगायचे की ज्या अडथळ्यावर कुणी बंदूक रोखलेली नाही तो अडथळाच नाही, नुसता कचरा, तासाभरात उचलता येतो. राणे साहेबांच्या समोर होते ते सगळे बंदूक रोखलेले. घाई केली तर सुरुंग मारणार, सावकाश केलं तर मशीनगन मारणार. या दोन्हीच्या मधला वेग पकडून चार दिवस काम करत राहायचं. हे नुसत्या जोशाने होत नाही. जोश तासभर टिकतो. हे हाताला लागलेल्या सवयीने होतं आणि ती सवय रिक्रूटपणापासून लागते, त्यामुळे घाटपायथा साहेबांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

आणखी एक. मॉर्टरमधे आपली दोन माणसं डोळ्यादेखत गेल्यावर बाकीच्यांना परत सुरुंगात हात घालायला लावणं, हे सगळ्यात अवघड. ऑर्डर देऊन ते होत नाही. साहेब स्वतः जखमी असून पुढे गुडघ्यावर बसलेला दिसला की होतं. आणि साहेब आपल्यातूनच वर आलाय, आपण काय करतोय ते त्याच्या हाताने केलेलं आहे, हे माहीत असलं की अजून होतं.

---

उशिराचा_वाचक

काय लिहिलंय काका, वाह.

बॉम्बे सॅपर्सचा विषय निघालाय तर प्रेमिंद्र सिंग भगत यांचा उल्लेख हवाच. भगतही बॉम्बे सॅपर्सचेच. जानेवारी १९४१ च्या शेवटी अॅबिसिनियात (आताच्या इथिओपियात) शत्रूचा पाठलाग करणाऱ्या कॉलमच्या पुढे राहून त्यांनी ९६ तासांत १५ सुरुंगक्षेत्रं साफ केली, ५५ मैलांच्या पट्ट्यात. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, शेवटी स्फोटाने कानाचा पडदा फाटला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारे पहिले भारतीय ऑफिसर.

आता बघा, भगतांचा जन्म १९१८ चा आणि राणेंचाही १९१८ चाच. एक १९३९ मधे देहरादूनच्या अकॅडमीतून ऑफिसर होऊन निघाला, दुसरा १९४० मधे रिक्रूट म्हणून रांगेत उभा राहिला. दोघंही बॉम्बे सॅपर्स, दोघांचंही काम तेच, चालत्या कॉलमच्या पुढे राहून सुरुंग काढणं, आणि दोघांचेही बरोबर चार दिवस. भगत पुढे लेफ्टनंट जनरल झाले, नॉर्दर्न कमांडचे प्रमुख. राणे मेजर म्हणून रिटायर झाले. याचा अर्थ एक मोठा आणि एक लहान असा अजिबात नाही. पण सुरुवात कुठून झाली यावर माणूस किती वर जातो ते किती ठरतं याचा विचार मनात येतोच.

---

सावली

एक छोटीशी भर. ज्या पदकाबद्दल आपण बोलतोय त्याचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं. जन्माने स्विस, लग्न मराठी फौजी अधिकाऱ्याशी, विक्रम खानोलकर पुढे मेजर जनरल झाले. मधे राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं, जांभळी रिबन. पदक ब्राँझचं, अगदी साधं दिसतं, सव्वा-दीड इंचाचा गोल. पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. वज्र म्हणजे दधिची ऋषींनी आपली हाडं दिली त्यातून घडलेलं, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते, ती एका परदेशात जन्मलेल्या बाईने इतकी आपलीशी केली याचं मला फार अप्रूप आहे.

---

एनडीएचं_स्वप्न

सॅपर काका, खूप खूप थँक्यू, आता कळलं. तुमचा प्रतिसाद मी आमच्या क्लासच्या ग्रुपवर टाकतोय.

घाटपायथा दादा, १९४८ नंतरचं काय? परमवीर मिळाल्यावर पुढची वीस वर्षं त्यांनी काय केलं?

---

घाटपायथा

नोकरी केली! मला हेच सांगायचंय. परमवीरचक्र मिळालं म्हणून ते कुठे मखरात जाऊन बसले नाहीत. सॅपर ऑफिसर म्हणून सर्व्हिस चालू ठेवली आणि १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. १९४० ते १९६८, २८ वर्षं. या काळात पाच वेळा डिस्पॅचेसमधे नाव आलं. डिस्पॅचेसमधे नाव येणं म्हणजे कमांडरच्या लेखी अहवालात तुमच्या कामाची खास नोंद होणं, वेगळं पदक गळ्यात पडत नाही, पेपरात फोटो येत नाही. एकदा आलं तरी घरचे आयुष्यभर सांगतात, इथे पाच वेळा. आणि रिटायरमेंटनंतरही फौजेने त्यांना पुन्हा कामावर घेतलं ते १९७१ पर्यंत. ज्याने आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तिशीच्या आत करून दाखवलं, त्याने नंतरची वीस-बावीस वर्षं रोज सकाळी युनिफॉर्म चढवून रोजचं काम केलं. मला याबद्दल त्या चार दिवसांइतकाच आदर वाटतो, आणि हे कुणी लिहीत नाही याचा त्रास होतो.

शेवट पुण्यात, कमांड हॉस्पिटलला, ११ जुलै १९९४.

नावाच्या बाबतीत म्हणाल तर शिपिंग कॉर्पोरेशनने परमवीरांची नावं तेलवाहू जहाजांना दिली होती, त्यात एक जहाज राणेंच्या नावाचं होतं, १९८४ पासून पंचवीसेक वर्षं समुद्रावर होतं. आणि २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक राणे बेट. छान आहे. पण महाराष्ट्रातल्या किती शाळांमधे हे नाव माहीत असेल? वाढले कारवारकडे, भरती झाले मुंबईच्या सॅपर्समधे, गेले पुण्यात. आपल्याला हा माणूस परका कसा झाला?

---

काळीकाठची

अगदी अगदी. हद्दीचा वाद मधे आला की माणसं दोन्हीकडून विसरली जातात. कोकणी बोलणारा म्हणून कुणी, कर्नाटकातला म्हणून कुणी. फौजेत त्यांना कुणी हे विचारलं नसेल.

सविस्तर लिहिलंत, फार बरं वाटलं. मुलीला वाचून दाखवलं, त्या तवीच्या पात्राच्या भागाला तिने परत वाचायला लावलं.

---

रानवाटा

त्या रस्त्याने गेलोय म्हणून लिहितो. जम्मूहून अखनूर, नौशेरा, राजौरी करत पुढे पूंछ. आता रस्ता रुंद आहे, बस-ट्रक सगळं चालतं, पण डोंगराची ठेवण तीच. एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला खाली ‘मनावर तवी’ या नदीचं पात्र, दगडगोट्यांनी भरलेलं. वळणावर गाडी हळू झाली की वरच्या चढावरून अख्खा रस्ता कसा उघडा पडतो ते कळतं. वर बसलेल्या माणसाला नेम धरायचीही गरज नाही इतका जवळ. आडोसा म्हणून रस्त्यावर काहीच नाही. चिंगसला मुघलांच्या काळातली जुनी सराई आहे, काश्मीरला जायची ही बादशाही वाट होती, तिथे गाडी थांबवा. आणि झांगडला ब्रिगेडियर उस्मान यांचं स्मारक आहे. तो भाग सीमेला अगदी लागून, त्यामुळे जायच्या आधी स्थानिक चौकशी करा, ओळखपत्र जवळ ठेवा.

---

एनडीएचं_स्वप्न

शेवटचा प्रश्न, सॅपर काकांना. माझा एनडीएचा एक अटेम्प्ट झालाय, झालं नाही. घरचे म्हणतात आधी जवान म्हणून भरती हो. राणे साहेबांसारखं जवानातून ऑफिसर आजही होता येतं का?

---

खडकीकर_सॅपर

होता येतं. सर्व्हिसमधे असलेल्या जवानांसाठी देहरादूनचं आर्मी कॅडेट कॉलेज आहे. तिथे निवड झाली की डिग्री पूर्ण करायची, मग तिथल्याच अकॅडमीत ट्रेनिंग आणि कमिशन. लेखी परीक्षा आहे, मग एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडीच्या मुलाखती-चाचण्या. बाकीच्या एंट्रीही आहेत, तुझ्या युनिटचं ऑफिस सांगेल. पण भरतीचे नियम अलीकडे बदललेत तेव्हा वय, किती वर्षं सर्व्हिस लागते, हे सगळं सेनेच्या भरतीच्या अधिकृत वेबसाइटवर आजच्या तारखेला बघ, कुणा एजंटाचं ऐकू नको, एक पैसा कुणाला देऊ नको. एनडीएला वयात बसत असशील तर तो अटेम्प्ट आधी दे. इंग्रजी आणि गणित सोडू नको, आमच्यातले चांगले चांगले लोक तिथे अडकले. पळायला रोज जातोस ना?